मोठ्या कॅटफिशसाठी टिकाऊ बेटकास्टिंग रीळ: कोणतं घ्यावं?

रिचमंडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी व्हर्जिनियात रिचमंडजवळ राहतो आणि गेली तीन वर्षं जेम्स नदीवर गरवायला जातो. लहानपण मालवणला गेलं. गरी, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि शिसं हातात घेऊनच वाढलो, पण तिकडे दोरा थेट बोटांत नाहीतर साधी काठी. रिळाशी संबंध इथे आल्यावर आला, त्यामुळे जाणकारांना विचारतोय.

काल संध्याकाळची गोष्ट. ऑस्बोर्न लँडिंगच्या खालच्या अंगाला काठावर बसलो होतो. ओहोटी नुकती लागली होती. शॅड माशाचा तळहाताएवढा तुकडा लावून चार औंसांचं शिसं टाकलेलं, रॉड स्टँडमध्ये. अर्ध्या तासाने रॉड पाण्याकडे असा वाकला की शेंडा रिळाच्या खाली गेला. उचलला, हँडल फिरवलं. दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि हँडल सर्रकन उलटं फिरून माझ्या बोटांवर आपटलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. मग आतून करकर आवाज आला. त्यानंतर हँडल फिरत होतं, पण स्पूल (दोरा गुंडाळलेली फिरकी) जागचा हलत नव्हता. अंगठ्याने स्पूल दाबून धरला, अंगठ्याची साल निघाली आणि शेवटी दोरा तुटला. मासा दिसलासुद्धा नाही.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती. त्या माशाच्या तोंडात माझा गळ आहे आणि मागे पंधरा-वीस हात दोरा लोंबतोय. तो कुठल्या ओंडक्यात अडकला तर? मासा सुटण्याचं दुःख वेगळं आणि हे वेगळं.

रीळ बेटकास्टिंगचं, म्हणजे रॉडवर आडवा स्पूल असलेलं. त्यातही लो-प्रोफाइल (बसक्या बांध्याचं), बास माशासाठी विकतात तसं. दीड वर्षापूर्वी नव्वद डॉलरला घेतलेलं. खोक्यावर कमाल ड्रॅग (मासा जोराने ओढतो तेव्हा दोरा धरत-धरत सोडणारा ब्रेक) २० पौंड असं लिहिलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष रिळाचा की मी त्याला भलत्या कामाला जुंपलं त्याचा, हे मला ठरवता येत नाही.

आता नवीन घ्यायचंय. दीडशे डॉलरपर्यंत. बहुतेक वेळा काठावरून, कधीतरी मित्राच्या बोटीतून. मासा ब्लू कॅटफिश, वीस ते पन्नास पौंडांचा. दहा वर्षं टिकावं एवढीच इच्छा.


डॅलसवाला

वाईट झालं. पण म्हणून सगळ्या लो-प्रोफाइल रिळांवर फुली मारू नका. तुमचं बहुतेक १००-१५० मापाचं असणार. ते दीड-दोन किलोच्या बाससाठीच असतं. ३०० किंवा ४०० मापाची लो-प्रोफाइल वेगळ्या ताकदीची असतात. दाइवाचं लेक्सा, शिमानोचं ट्रँक्स ही नावं बघा. मी टेक्सोमा तलावावर बोट वाहती ठेवून ब्लू धरतो, दिवसभर रॉड हाताळावे लागतात. गोल रिळाने चार तासांत मनगट भरून येतं.

टेक्सोमाचा मासा म्हणजे काय ते सांगतो. जानेवारी २००४ मध्ये इथे १२१.५ पौंडांचा ब्लू मिळाला होता, तेव्हाचा जागतिक विक्रम. तो जिवंत ठेवला गेला, स्प्लॅश नावाने टेक्सासच्या अथेन्स गावच्या मत्स्यकेंद्रात लोक त्याला बघायला जायचे. पाणी तसं असेल तर रिळाचा विचार दहा पौंडांच्या माशाचा करून चालत नाही हे मान्य.

फक्त ट्रँक्स दीडशेत बसणार नाही.


नदीकाठची माई

रिचमंडकर, तू दोऱ्याची काळजी केलीस हे वाचून बरं वाटलं.

मी मिझुरीत, मिझुरी नदीवर बावीस वर्षं जातेय. तुमच्याकडे ब्लू कॅटफिश १९७० च्या दशकात आणून सोडले, आमच्याकडे ते मूळचेच. २०१० च्या जुलैमध्ये इथे १३० पौंडांचा निघाला होता. पुढच्याच वर्षी, १८ जून २०११ ला, तुमच्या व्हर्जिनियाच्या केर तलावाने १४३ पौंडांचा काढून तो विक्रम मोडला. तो अजून उभा आहे.

माझं मत सरळ आहे. काठावरून, स्टँडमध्ये रॉड ठेवून, जड शिसं टाकून गरवायचं असेल तर गोल रीळ घे. आबू गार्सिया अँबॅसेडरचं ६५०० किंवा ७००० माप. पेनचं स्क्वॉल लेव्हलवाइंडवालं, म्हणजे दोरा स्पूलवर सारखा पसरवणारं. ही दोन नावं कॅटफिशवाल्या कुणालाही विचारलीस तरी पहिल्या दमात ऐकशील. ६५०० तुझ्या पैशात बसतं. पन्नासच्या वरचे मासे नेहमीचे असतील किंवा प्रवाह जोराचा असेल तर ७०००, पण ते काठावरून दिवसभर फेकायला जड जातं. तुझ्यासाठी मी ६५०० म्हणेन.

आणि क्लिकर असलेलंच घे. बाजूच्या झाकणावर छोटी सरकती कळ असते. ती लावली की स्पूल मोकळा असतानाही दोरा ओढला गेला की किर्रर्र वाजतं. अंधारात, धुक्यात, गप्पांच्या नादात तोच आवाज कामाला येतो.


डॅलसवाला

माई, क्लिकरचा मुद्दा मला पटत नाही. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरायचा तर रीळ गिअरमध्येच ठेवायचं, ड्रॅग लावलेला. मासा घेऊन निघाला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. स्पूल मोकळा ठेवून दोरा पळू दिला तर मासा आमिष गिळतो आणि गळ खोल जातो. मग सोडताना तो मरतो.


नदीकाठची माई

बरोबर आहे तुझं, ब्लूसाठी मीही गिअरमध्येच ठेवते. ८/० किंवा १०/० सर्कल, रॉड पुरता वाकेपर्यंत हात लावायचा नाही. झटका तर मुळीच द्यायचा नाही. रिचमंडकर, ही सवय मोडायला मला एक अख्खा हंगाम लागला, आपल्याकडे दोरा हातात असला की झटका आपसूक बसतो.

पण फ्लॅटहेड कॅटफिशला जिवंत मासा लावते तेव्हा क्लिकर लागतोच. आमिषालाच पोहताना थोडा दोरा लागतो. शिवाय क्लिकरवरून आमिष घाबरलंय हेही कळतं, दोन-दोन दाते टिक् टिक् करतात. काही वेळाने मोठा येतोच असं नाही, पण मी त्या आवाजावर खुर्चीतून पुढे सरकून बसते.


खवय्या_नागपूर

एवढा मोठा मासा! कालवण करता की तळता?


रिचमंडकर

मोठे नाही खात, सोडून देतो. जेम्सच्या या पट्ट्यातले ३२ इंच आणि त्याहून मोठे ब्लू कॅटफिश खाऊ नयेत असा व्हर्जिनियाच्या आरोग्य खात्याचा इशारा आहे, चरबीत पीसीबी ही विषारी रसायनं साठतात म्हणून. ही नदी आधीच पोळलेली आहे. होपवेलच्या कारखान्यातून केपोन नावाचं कीटकनाशक नदीत जात असल्याचं १९७५ साली उघड झालं आणि खालच्या भागातली मासेमारी बंद करावी लागली होती. छोटे, दोन-तीन पौंडांचे क्वचित आणतो. त्यांचं तिरफळ घातलेलं कालवण चांगलं होतं.

माई, डॅलसवाले, दोघांचे आभार. माझ्या रिळात नक्की काय मोडलं असेल? हँडल उलटं का फिरलं?


लेथवाला

सांगलीहून लिहितोय. माझं मशीन शॉप आहे, आणि गेली बरीच वर्षं मित्रमंडळींची रिळं मीच उघडतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण सगळी गोम त्यातच आहे.

हँडल उलटं फिरू नये म्हणून हल्लीच्या रिळांत हँडलच्या दांड्यावर एक वन-वे बेअरिंग असतं. आत बारीक रोलर असतात. एका दिशेने ते मोकळे फिरतात, उलट्या दिशेने पाचरीसारखे अडकतात. हँडल जराही मागे हलत नाही, हाताला फार छान वाटतं. पण हे रोलर अडकतात ते निव्वळ घर्षणावर. तिथे जाड ग्रीस गेलं, बारीक वाळू गेली किंवा बाहेरची कड ताणली गेली की ते घसरतात. छोट्या माशाला घसरत नाहीत, मोठ्याला घसरतात. तुमच्या हाताला लागलं ते हेच.

जुन्या गोल रिळांत याऐवजी दातेरी चकती आणि तिच्यात अडकणारी खिट्टी असते. हँडल एखाद-दुसरा दाता मागे जातं, थोडं सैल वाटतं. पण दात्यात खिट्टी बसली की बसली, तिथे घर्षणाचा संबंध नाही. काही रिळांत बेअरिंग आणि त्याच्या मागे खिट्टी अशी दोन्ही असतात, ती उत्तम.

दुसरं, ती करकर. बेटकास्टिंग रिळात हँडलच्या दांड्यावर मोठा गिअर आणि स्पूलच्या दांड्यावर छोटा पिनियन. त्यांच्या मधलं अंतर चौकटीने आणि बाजूच्या झाकणाने धरलेलं असतं. झाकण प्लास्टिकचं असेल आणि मासा पूर्ण ताकदीने ओढत असेल तर ते किंचित वाकतं. अर्धा मिलिमीटरसुद्धा पुरतो. दाते पूर्ण बसत नाहीत, टोकाटोकांवर भार येतो आणि टोकं झिजतात. गिअर ओतीव जस्ताचा किंवा हलक्या ॲल्युमिनियमचा असेल तर एका माशातच सोलून निघतो. उघडून बघा, आत करडी चमकदार पूड सापडेल.

आता खोक्यावरचे २० पौंड. तो आकडा म्हणजे ड्रॅग पुरता आवळल्यावर किती ओढ धरतो, एवढंच. ती ओढ धरताना चौकट किती वाकते, दाते किती वेळ टिकतात, दहा मिनिटांच्या झटापटीनंतर ड्रॅगमधल्या चकत्या, म्हणजे वॉशर, तापून काय होतं, यातलं काही त्या आकड्यात नसतं. म्हणून मी तो आकडा वाचतच नाही.

मी हे बघतो. चौकट धातूची आणि एकसंध आहे का. मोठा गिअर पितळेचा आहे का, त्याच्या दात्यांची रुंदी किती. पिनियन पितळ किंवा स्टेनलेस. ड्रॅगचे वॉशर कार्बनचे आहेत का. हे वॉशर मोठ्या गिअरच्या पोटातच बसतात. म्हणजे गिअर जेवढा मोठा, तेवढे वॉशर मोठे आणि तेवढी उष्णता पसरायला जागा जास्त. गोल रिळाचा खरा फायदा हा आहे, दिसण्यातला गोलपणा नव्हे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मला ते उघडता येईल का, आणि आतला एखादा तुकडा दहा वर्षांनी मिळेल का. न झिजणारं रीळ कुणीच करत नाही. झिजलेला भाग बदलता आला तर रीळ टिकतं, नाहीतर कचऱ्यात जातं. अँबॅसेडर इतकी वर्षं लोकांच्या हातात आहे ते यामुळे. आबू ही कंपनी स्वीडनच्या स्वेंग्स्टा गावात १९२१ साली निघाली ती घड्याळं करायला. पुढे टॅक्सीचे मीटर केले, मग रिळं. घड्याळजीने उघडावं, पुसावं, तेल घालावं आणि पुन्हा बंद करावं अशीच त्या रिळाची रचना आहे. अंगठ्याने फिरवायचे तीन स्क्रू सोडले की अख्खी बाजू हातात येते. १९५० च्या दशकातल्या रिळांचीसुद्धा दुरुस्ती लोक आज करतात.


नवखा_१

काका, फार छान लिहिलंत. वाचनखूण साठवली. गिअर रेशो किती असावा? दुकानदार म्हणतो ७:१ घ्या, जलद गुंडाळतं.


लेथवाला

कॅटफिशला जलद गुंडाळून काय करणार? ५.३:१ म्हणजे हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या ५.३ फेऱ्या. स्पूलवर दोऱ्यासकट व्यास चार सेंटिमीटर धरला तर एका फेरीत साधारण ६६ सेंटिमीटर दोरा येतो. ७.१:१ ला ८९ येतो. पण तेवढाच जास्त जोर हँडलवर लागतो. घाटात चढताना वरचा गिअर टाकून गाडी ओढायला लावल्यासारखं होतं. ५ च्या आसपास ठेवा, ४ चालेल. ७ बाससाठी.

हँडल मात्र लांब दांड्याचं आणि मोठ्या मुठीचं घ्या. दोन बोटांच्या चिमटीत धरायच्या चपट्या मुठी ओल्या, माशाच्या बुळबुळीत हाताने निसटतात.


डॅलसवाला

काका, चौकटीचा मुद्दा मान्य. मी जी लो-प्रोफाइल म्हणतोय त्यांची चौकट ॲल्युमिनियमचीच आहे, गिअरही दणकट आहेत. पण त्या दर्जाचं घ्यायचं तर अडीचशे-तीनशे डॉलर जातात. दीडशेत टिकाऊ हवं तर गोलच, एवढं मीही म्हणेन.


लॉकपोर्टकर

विनिपेगहून. आमच्या रेड नदीवर लॉकपोर्टच्या बंधाऱ्याखाली चॅनल कॅटफिश मोठे मिळतात. शेजारच्या सेलकर्क गावात तर चॅनल कॅटफिशचा भलामोठा पुतळा उभा आहे. मॅनिटोबात गळाच्या टोकामागे उलटी आकडी चालत नाही, आणि ६० सेंटिमीटरहून मोठा चॅनल कॅटफिश परत सोडावाच लागतो. त्यामुळे दोरा एक क्षण सैल पडला की मासा गेला. गुळगुळीत ड्रॅग म्हणजे काय ते इथे शिकलो. ड्रॅग अडकत-अडकत सुटत असेल तर प्रत्येक अडखळण्याला दोरा ताणतो, मग ढिला पडतो.

काकांच्या वन-वे बेअरिंगवर एक अनुभव. मेच्या मध्याला हंगाम उघडतो तेव्हा सकाळी पाणी बर्फासारखं असतं. मी हौसेने रीळ उघडून सगळीकडे ग्रीस थापलं होतं, त्या बेअरिंगमध्येही. थंडीत ग्रीस घट्ट झालं आणि हँडल उलटं फिरायला लागलं. रीळ चांगलं होतं, बिघडवलं मी. त्या बेअरिंगमध्ये हलक्या तेलाचा एक थेंब, बस. ग्रीस दात्यांना आणि ड्रॅगच्या वॉशरला, तेही बोट फिरवून पुसून काढल्यावर जेवढं उरतं तेवढंच.


भीमाथडी

मी इंदापूरचा, उजनीच्या पाण्याकडेला वाढलो. आमच्याकडचे कॅटफिश म्हणजे शिवडा आणि शिंगाळा. शिवडा चांगला हातभर, कधी त्याहून मोठा, तोंडात बारीक दातांची कानस. दोरा कापतो. गळाजवळ जाड तंगूस नाहीतर तारच लागते.

रिळाबद्दल सांगायचं तर माझ्या मामाकडे जुनं पेन आहे, मुंबईच्या एका जहाजावरच्या माणसाकडून घेतलेलं. फिलाडेल्फियाचं, असं मामा दर वेळी सांगतो. तीस वर्षं झाली, दर दिवाळीच्या सुट्टीत उघडतो, रॉकेलने धुतो, शिवणयंत्राचं तेल घालतो. अजून चालू आहे. काकांचं म्हणणं मी डोळ्यांनी बघितलंय.

इथल्या कुणाला वाचून उत्साह आला तर धरणावर गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घ्या. पाणी त्यांना ठेक्याने दिलेलं असतं, पोट त्यावर आहे. आणि मोठा शिवडा मिळाला तर सोडून देण्याचा विचार करा. आता तो जगाच्या असुरक्षित माशांच्या यादीत आहे. असाच दुसरा मोठा कॅटफिश म्हणजे गूंच. कर्नल साइक्सने १८३९ साली ज्या गूंच माशाचं वर्णन लिहिलं तो पुण्याच्या मुळा-मुठेतला होता. आज पुण्याच्या नदीत तो शोधून दाखवा.


नवखा_१

ड्रॅग किती ठेवायचा हे कुणी सांगेल का? मी हाताने ओढून अंदाजाने ठेवतो.


नदीकाठची माई

अंदाज सोड, काटा घे. विमानतळावर बॅग तोलायचा छोटा हूकवाला काटा असतो ना, तोच. रॉड धरायला घरातलं कुणीतरी घे, दोरा काट्याला बांध, हळू ओढ. सर्वांत कमजोर दुव्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढा ड्रॅग. मी मुख्य दोरा ६५ पौंडी ब्रेड (विणलेला दोरा) वापरते आणि गळाजवळ ५० पौंडी तंगूस. म्हणजे कमजोर दुवा ५० पौंड, सुमारे पावणेतेवीस किलो. ड्रॅग सहा किलोच्या आसपास. सहा किलो किती असतं ते काट्यावर ओढून बघ, हात थरथरतो. खोक्यावरचे वीस-पंचवीस पौंड कुणालाच लागत नाहीत.


लेथवाला

माईंच्या उत्तराला एक जोड. दोरा सुटत जातो तसा स्पूलवरचा व्यास कमी होतो, आणि ड्रॅगला हात न लावताही ओढ वाढते. भरलेल्या स्पूलचा व्यास पाच सेंटिमीटर असताना सहा किलो लावलंत, आणि मासा पळून व्यास साडेतीनवर आला, तर तीच ओढ साडेआठ किलो होते. बरेच दोरे याच वेळी तुटतात, मासा लांब गेला म्हणून माणूस घाबरून ड्रॅग आवळतो तेव्हा. उलट करा, अर्धा स्पूल गेला की ड्रॅग जरा सैल करा आणि लागलं तर अंगठा टेकवा.

ब्रेड भरताना स्पूलला आधी तंगुसाचे दहा-पंधरा वेढे द्या. नुसता ब्रेड गुळगुळीत स्पूलवर बांधला तर अख्खं भेंडोळं स्पूलवर फिरतं, आणि माणसाला वाटतं ड्रॅग गेला.


रिचमंडकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

आधी मोडलेलं रीळ उघडलं. काका, करडी पूड होती. मोठ्या गिअरचे नऊ दाते एका बाजूने तासल्यासारखे. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे दांड्याचं टोक बसतं, तिथे भोक लांबट झालेलं.

नवीन घ्यायला दुकानात गेलो, ६५०० हातात घेऊन बघितलंही. मग त्याच शनिवारी शेजारच्या गल्लीत एका आजोबांच्या गॅरेज सेलमध्ये जुनं अँबॅसेडर ६५००सी दिसलं. चाळीस डॉलर. रिळाच्या पायावर, म्हणजे रॉडला बसतो त्या भागावर, कोरलेल्या आकड्याची सुरुवात ७८ ने होते, त्या काळच्या रिळांवर ते बहुधा सालच असतं. हँडल एक दाता मागे जात होतं. धागा वाचला नसता तर मी ते रीळ खराब आहे म्हणून ठेवून दिलं असतं. खिट्टी आहे हे कळलं म्हणून घेतलं. आजोबा म्हणाले, याने मी चाळीस वर्षं मासे धरले, आता खांदा वर जात नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. बायकोने अंड्यांचा रिकामा ट्रे दिला आणि म्हणाली, काढशील त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेव. प्रत्येक तुकड्याचा फोटो काढत गेलो. मोठ्या गिअरवरचं ग्रीस काळं आणि मेणासारखं घट्ट, पण पुसल्यावर खाली पितळ पिवळंधमक. दाते शाबूत. ड्रॅगचे जुने वॉशर दाबून-दाबून काचेसारखे गुळगुळीत झालेले. दोरा स्पूलवर सारखा पसरवणारी जी आडवी, खाचांची दांडी असते तिच्यात रव्यासारखी वाळू. दात घासायच्या जुन्या ब्रशने ती काढायला तासभर गेला. त्या खाचेत फिरणारा छोटा पॉल झिजून अणकुचीदार झाला होता. नवा पॉल आणि कार्बन वॉशरचा संच मागवला, दोन्ही मिळून वीस डॉलरच्या आत. ७८ सालच्या रिळाचा तुकडा पाच दिवसांत दारात आला.

एकूण साठ डॉलर. उरलेल्या पैशांत ब्रेड, सर्कल हुक आणि काटा.


नदीकाठची माई

शाब्बास! वापरून झालं की ड्रॅग सैल करून ठेवत जा, म्हणजे नवे वॉशर दबणार नाहीत. आणि धुताना नळाची धार मारू नकोस, वाळू आत ढकलली जाते. ओल्या फडक्याने पूस.


रिचमंडकर

माई, तसंच करतो.

काल पुन्हा ऑस्बोर्नला गेलो, तीच जागा, तेवढंच शिसं. सव्वासहाला रॉड वाकला. हात मांडीखाली घेऊन बसलो, झटका द्यायचा नाही म्हणून. पुरता वाकल्यावर उचलला. माशाने एका दमात चाळीसेक हात दोरा नेला आणि ड्रॅग एकसारखा सुटत राहिला, कुठे अडखळला नाही. आवाज अगदी हळू, रेशमी कापड ओढल्यासारखा. अर्धा स्पूल गेल्यावर ड्रॅग दोन खाचा सैल केला, काका. अठरा मिनिटांनी मासा काठाला आला. ३८ पौंड. पाठ निळसर राखाडी, पोट पांढरं, गळ जबड्याच्या अगदी कोपऱ्यात. पक्कडीने दोन सेकंदांत निघाला. हात ओले करून त्याला उथळ पाण्यात धरून ठेवला. कल्ले नीट चालायला लागले, शेपटीने माझ्या मनगटावर पाणी उडवलं आणि गेला.

एक शंका आहे. दोरा भरताना डाव्या बाजूला जास्त चढतोय. पसरवणारी दांडी डाव्या टोकाला क्षणभर थांबते, मग परत फिरते. काही चुकलं का माझं?


लेथवाला

माशाचं वाचून फार आनंद झाला. पॉलच्या टोपणात नखाएवढी पातळ पितळी चकती असते. ती राहिली तर पॉल खाचेत वर-खाली होतो आणि टोकाला वळताना अडखळतो. फोटो क्रमाने बघा. जुना पॉल काढलात तेव्हा ती ग्रीसने टोपणाला चिकटलेली असणार.


रिचमंडकर

सापडली, काका. अंड्याच्या ट्रेमध्ये सातव्या खळग्यात, तळाला ग्रीसने चिकटलेली. आज रात्री बसवतो.